शहरातले गाव : न्यूयॉर्कच्या इटालियन गल्ल्या आणि मुंबईचे गिरणगाव

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात मलबेरी स्ट्रीट नावाचा एक अरुंद रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रस्त्यावर आणि लगतच्या गल्ल्यांत इटलीहून आलेल्या कष्टकऱ्यांची इतकी दाट वस्ती झाली, की त्या भागाला ‘लिटल इटली’, म्हणजे ‘धाकटी इटली’, असे नाव पडले. नाव सोयीचे होते. परंतु ते बाहेरच्या नजरेने दिलेले होते. मलबेरी स्ट्रीटवर प्रामुख्याने नेपल्सच्या बाजूची माणसे राहत, तर जवळच्या एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिली बेटावरची. काही इमारतींत तर मुख्यतः एकाच गावची बिऱ्हाडे असत. एका गल्लीची बोली दुसऱ्या गल्लीला नीट उमगत नसे, आणि सोयरीक सहसा गल्लीबाहेर जात नसे. बाहेरून एकजिनसी दिसणारी ती वस्ती आतून अनेक खेड्यांची मिळून झालेली होती.

बेळगाव-निपाणीच्या वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी, डिलाईल रोड आणि वरळी या भागाला मुंबईने ‘गिरणगाव’ म्हटले, तेव्हाही असेच घडले होते. त्या एका नावाखाली मालवण, राजापूर, खेड, सातारा, आजरा, चंदगड, बेळगाव अशी किती तरी गावे आणि मुलूख नांदत होते. या दोन वस्त्यांमध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. तरीही शहराच्या पोटात खेडे कसे टिकते, आणि टिकता टिकता त्यातून एक नवा समाज कसा घडतो, हे समजून घ्यायचे तर दोन्हींचा इतिहास शेजारी ठेवून वाचावा असा आहे.

इटली हे एकसंध राज्य १८६१ मध्ये जन्माला आले आणि रोम त्यात १८७० मध्ये सामील झाले. परंतु दक्षिणेकडील शेतकऱ्याच्या मनात हे राष्ट्र अद्याप उतरलेले नव्हते. त्याची निष्ठा गावाशी होती. या वृत्तीला इटालियन भाषेत ‘काम्पानिलिस्मो’ असा खास शब्द आहे. गावच्या चर्चच्या घंटेचा नाद जिथवर ऐकू जातो तिथवर आपला मुलूख, असा त्याचा भावार्थ. जमिनीचे तुकडे, जमीनदारांचा जाच आणि करांचा बोजा यांना कंटाळून १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेला गेले. जाणाऱ्यांत तरुण पुरुषांचा भरणा मोठा होता. चार-पाच हंगाम राबावे, पैसा गाठीला बांधावा आणि परत येऊन शेत घ्यावे, हा बहुतेकांचा बेत असे. त्यांतील निम्म्याच्या आसपास माणसे खरोखरच परतली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. परतलेल्यास गावकरी ‘आमेरिकानो’ म्हणत. आपल्याकडे सणाला गावी येणारा माणूस ‘मुंबईकर’ ठरतो, तसेच ते होते. गावात तो मुंबईकर आणि मुंबईत घाटी. दोन्हीकडे पाहुणा राहण्याचे हे प्राक्तन इटलीच्या शेतकऱ्याच्याही वाट्याला आले होते.

सीमाभागातून मुंबईकडे जाणाऱ्या माणसाची कारणेही फार वेगळी नव्हती. सह्याद्रीच्या कुशीतील चंदगड-खानापूरच्या पट्ट्यात पाऊस उदंड. पण भाताचे एक पीक निघाले की शिवार मोकळे. पूर्वेकडे सरकावे तसे पाऊसमान कमी होत जाते. भावाभावांत वाटणी होत गेलेली जमीन सगळ्या घराला पुरेना. इकडे कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी उभी केली होती आणि पुढच्या अर्धशतकात गिरण्यांच्या चिमण्यांनी शहराचा मध्यभाग भरून गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत बेळगाव, मिरज आणि पुणे लोहमार्गाने जोडले गेले. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता आणि आजचा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात. त्यामुळे इथला माणूस मुंबईस गेला तो आपल्याच इलाख्याच्या राजधानीत गेला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर १०० रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले आढळले. त्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता; परंतु घाटावरून येणारा ओघही मोठा होता. त्याच सुमारास शहरात दर १,००० पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. हा आकडा पुरेसा बोलका आहे. घरधनी गिरणीत गेला, तेव्हा शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि लेकरे सांभाळणारी बाई गावीच राहिली. या स्थलांतराचा अर्धा भार जी जागची हलली नाही तिने उचलला.

नव्या माणसाला काम मिळे ते ओळखीने. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो येथे ‘पाद्रोने’ नावाचा इटालियन मुकादम असे. तो नवख्या मजुराला रेल्वेच्या किंवा खोदाईच्या कामावर लावी, कधी खोलीही मिळवून देई आणि या प्रत्येक उपकाराचा मोबदला मजुरीतून कापून घेई. मुंबईच्या गिरण्यांत हीच जागा जॉबरची. भरती त्याच्या हाती, बदली त्याच्या मर्जीवर, दस्तुरी त्याच्या खिशात. तो बहुधा आपल्याच मुलखाचा असे, म्हणून त्याच्यावर विश्वास बसे. आणि तो आपल्या मुलखाचा असे म्हणूनच त्याच्या लुबाडणुकीविरुद्ध ब्र काढणे अवघड होई. गावकीचा आधार आणि गावकीचा फास एकाच दोरीचे होते, हे दोन्ही शहरांच्या इतिहासातून दिसते.

या वस्तीचा खरा प्राण होता तो ‘गावची खोली’. एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत एक खोली धरायची आणि तिचे भाडे सर्वांनी वाटून द्यायचे, ही प्रथा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींच्या २०० हून अधिक इमारतींत एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फुटांच्या आसपास होते. अशा एवढ्याशा खोलीत २० ते ४० माणसांचा संसार चाले, तो पाळ्यांच्या हिशेबाने. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागी पथारी पसरी. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, दोरीवर कपडे, कोनाड्यात ग्रामदैवताची तसबीर. एकेकाची मालमत्ता म्हणजे एक पेटी, एक वळकटी आणि निजण्यापुरती जमीन. खोलीला मंडळ असे, मंडळाला नियम असत, वर्गणीची वही असे आणि महिन्याची सभा असे. नव्याने आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत खोली सांभाळी. आजाऱ्याला गावी पोहोचवी. कोणी दगावल्यास क्रियाकर्माची तजवीज करी. इटालियन गल्ल्यांत हीच कामे परस्पर-साहाय्य मंडळे करीत. त्यांचीही नावे बहुधा गावाची किंवा गावच्या संताची असत. महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला आजारपणात मदत आणि मरणात सन्मानाची मूठमाती मिळे. विमा आणि पेन्शन हे शब्द गरिबाच्या घरी पोहोचण्यापूर्वी ती हमी गावाने दिलेली होती.

जेवणाची सोय खाणावळीत होई. एखादी बाई, बहुधा आपल्याच मुलखाची, दहा-वीस गड्यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करी आणि पगार झाला की पैसे घेई. भाकरी, भाजी, आमटी, आणि चव गावची. संपाच्या काळात उधारीवर गिरणगाव जगवले ते या बायांनी. मात्र गिरणीच्या हजेरीपटावर नाव नसल्यामुळे कामगार म्हणून त्यांची मोजदाद कधी झाली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले, तेव्हा कुठे या श्रमाला नाव मिळाले. न्यूयॉर्कच्या इटालियन घरांतही बायका भाडेकरूंना जेवू घालीत, खोलीत बसून कपडे शिवीत, नाहीतर शिलाईच्या कारखान्यांत राबत. २५ मार्च १९११ रोजी तेथील ट्रायँगल कारखान्याला आग लागून १४६ जीव गेले. त्यांत बहुसंख्य तरुण ज्यू आणि इटालियन मुली होत्या.

गाव शहरात येते तेव्हा देव मागे राहत नाही. नेपल्सजवळच्या नोला गावची माणसे ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात स्थायिक झाली आणि १९०३ पासून तेथे गावचा उत्सव भरवू लागली. त्यात ‘जिल्यो’ नावाचा उंच सजवलेला मनोरा शेकडो माणसे खांद्यावर घेऊन वाद्यांच्या तालावर नाचवतात. जोतिबाच्या सासनकाठ्या नाचवताना पाहिलेल्या माणसाला त्याची कल्पना सहज येईल. गिरणगावात भजनी मंडळे, कोकणचे दशावतार, घाटावरचे तमाशे, तालमी आणि गणेशोत्सव यांनी हेच काम केले. लालबागच्या हनुमान थिएटरात गावाकडचे फड येत आणि कामगारांची गर्दी लोटे. मात्र या करमणुकीकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये. भजनात बसणारा, तालमीत घुमणारा आणि वर्गणी काढणारा तरुण सभा कशी भरवावी, हिशेब कसा ठेवावा, भांडण कसे मिटवावे हे शिकत होता. पुढे युनियन आणि चळवळ यांना लागलेली माणसे या शाळेतून आली.

शहराने अशा वस्त्यांना सन्मानाने वागवले, असे म्हणता येत नाही. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने ११ इटालियनांना ठार मारले. १९२४ च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्यांची वार्षिक संख्या ४,००० च्याही आत आणली. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द हिणवण्यासाठी रूढ झाला. परंतु वस्तीच्या आतही भिंती होत्या, आणि त्या परक्यांनी घातलेल्या नव्हत्या. गावची खोली गावाप्रमाणेच जातीवर विभागलेली असे. विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. शिवाशिवीच्या कल्पनेमुळे चांगल्या पगाराच्या या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. डॉ. आंबेडकर स्वतः परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिले होते. एप्रिल १९२५ मध्ये निपाणी येथे भरलेल्या मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष तेच होते. परळची चाळ आणि निपाणीचा मंडप यांना जोडणारा हा धागा सीमाभागाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवला गेला पाहिजे. कारण गिरणगावातून गावाकडे मनीऑर्डरीबरोबर नवे विचारही येत होते.

असे असूनही या वस्त्यांनी एक मोठी गोष्ट साधली. १८८० या एकाच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘इल प्रोग्रेसो इतालो-अमेरिकानो’ हे इटालियन वृत्तपत्र निघाले आणि मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ पत्राची धुरा घेतली. हा योगायोग खरा. पण दोन्ही पत्रांचा परिणाम एकाच दिशेचा झाला. नेपल्सच्या आणि सिसिलीच्या माणसांनी एकच भाषा वाचावयास घेतली. १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स येथे कापडगिरण्यांचा संप झाला, त्यात निरनिराळ्या देशांच्या मजुरांबरोबर इटालियनही आघाडीवर होते. संपकऱ्यांनी आपली मुले सांभाळण्यासाठी न्यूयॉर्कच्या सहानुभूतीदार घरांत पाठवली. मुंबईत १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने टिकून राहिले, याचे एक कारण म्हणजे त्यांतील अनेकांच्या मागे गाव होते. शहरात चूल विझली तरी गावी भाकरी होती.

घरून निघताना कॅलाब्रियाचा असलेला माणूस अमेरिकेत ‘इटालियन’ झाला. इटलीने जे राष्ट्र कागदावर घडवले होते, ते तिच्या कष्टकऱ्यांना पुष्कळ अंशी परदेशातील गल्ल्यांत उमगले. तीच प्रक्रिया गिरणगावातही घडली. मालवणी, घाटावरचा आणि बेळगावकडचा, हे तिघे एका जिन्यावर, एका नळावर आणि एका गेटसभेत भेटले. कोकण्याने घाटावरचा तमाशा ऐकला, घाटावरच्याने दशावतार पाहिला. चाळीत वाचून दाखवले जाणारे वर्तमानपत्र सर्वांचे एक होते. समाज सेवा संघासारख्या संस्थांनी कामगारवस्तीत रात्रशाळा आणि मोफत वाचनालये चालवली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला श्रोता मराठी म्हणून एक झालेला होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे स्पष्ट दिसले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला झालेल्या गोळीबारात आणि जानेवारी १९५६ मधील गोळीबारांत जे बळी पडले, त्यांत गिरणगावचे कामगार मोठ्या संख्येने होते. त्याच जानेवारीची १७ तारीख बेळगाव आणि निपाणी हुतात्मा दिन म्हणून पाळतात. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळाची. गावी राहिलेल्या प्रियेचा विरह सांगता सांगता ती बेळगाव-कारवारसारख्या दुरावलेल्या मुलखाचा विरह बनते. कल्पना कवीची असली तरी अनुभव खोलीतल्या प्रत्येक माणसाचा होता. म्हणून तिचा अर्थ गिरणगावाला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. बेळगाव, खानापूर आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेले. इटालियन शेतकऱ्याने महासागर ओलांडला, तेव्हा आपण देश सोडतो आहोत हे त्याला ठाऊक होते. आपल्या माणसाने काहीच ओलांडले नव्हते. लालबागच्या चाळीतील त्याची पेटी होती तिथेच होती. मनीऑर्डरीवर तो लिहीत असलेले गावही तेच होते. सीमाच त्याला ओलांडून गेली. सोयरिकीने बांधलेल्या शेजारच्या दोन गावांची माणसे एका चाळीत राहत होती आणि त्यांची गावे आता दोन राज्यांत होती. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबईत पेटलेले आंदोलन, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हा पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. या वादात जनगणनेचे आकडे, शिलालेख आणि जुनी दप्तरे यांची चर्चा पुष्कळ झाली. खोलीचे भाडे मिळून भरणाऱ्या माणसांनी मुंबईशी जे नाते जोडले, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आज त्या वस्त्या उरल्या नाहीत, किंवा नावापुरत्या उरल्या आहेत. मलबेरी स्ट्रीटच्या परिसराची दैन्यावस्था जेकब रीस या पत्रकाराने १८९० च्या पुस्तकात छायाचित्रांसह मांडली. त्यातील सर्वांत दाट वस्ती पाडून १८९७ मध्ये तेथे उद्यान झाले. बोस्टन शहराचा वेस्ट एन्ड हा इटालियनबहुल भाग १९५८ पासूनच्या दोन-तीन वर्षांत ‘झोपडपट्टी’ ठरवून जमीनदोस्त करण्यात आला. हर्बर्ट गॅन्स हा समाजशास्त्रज्ञ त्याआधी काही महिने तेथे जाऊन राहिला होता. १९६२ च्या आपल्या ग्रंथात त्याने तेथील रहिवाशांना ‘शहरी खेडूत’ म्हटले आणि बाहेरच्यांना जी बकाल वस्ती दिसली ती आतून एक सुसंबद्ध समाज होती, हे दाखवून दिले. तोवर घरे पडली होती. गिरणगावावर घाव पडला तो १८ जानेवारी १९८२ पासून. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. जुन्या सवयीने अनेकजण गावी येऊन निरोपाची वाट पाहू लागले. या वेळी निरोप आला नाही. संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि गिरण्याही पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. त्या जमिनींवर पुढे मॉल आणि मनोरे उभे राहिले. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. अर्ज होते जवळजवळ दीड लाख. बी. डी. डी. चाळींचाही पुनर्विकास सुरू झाला आहे.

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख स्थलांतरितांची नोंद झाली. १९९० मध्ये तेथे संग्रहालय उघडले. इटालियन मजुराचा पणतू आज तेथील नोंदींत आपल्या पणज्याचे नाव, वय आणि गाव शोधू शकतो. बोरीबंदरावर उतरलेल्या आपल्या माणसाचे नाव मात्र कोणी लिहून घेतले नाही. त्याची नोंद झाली ती गिरणीच्या हजेरीपटावर आणि गावच्या खोलीच्या वर्गणीवहीत. गिरण्यांची दप्तरे बव्हंशी गिरण्यांबरोबर गेली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या आठवणी मुलाखतींतून गोळा करून २००४ मध्ये ग्रंथरूप दिल्या, ही जमेची बाजू. परंतु खोल्यांच्या वह्या अजून विखुरलेल्या आहेत. १९८२ साली विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. सीमाभागातील किती तरी माळ्यांवर मुंबईहून परत आलेली पत्र्याची पेटी असेल, आणि तिच्या तळाशी कदाचित मंडळाची एखादी वही, सभेचा वृत्तांत, देवळाच्या वर्गणीची यादी. जुन्या मराठी ग्रंथालयांनी शंभर वर्षे छापील पुस्तके निगुतीने जपली. कोणा प्रकाशकाने न छापलेले, पेन्सिलीने लिहिलेले आणि वाळवीच्या तोंडी चाललेले हे ग्रंथ त्यांच्या कपाटांत आले, तर गिरणीत राबलेल्या माणसाच्या पणतूलाही आपल्या पणज्याचे नाव कुठे तरी वाचावयास मिळेल.